थायरॉइड झालेल्या मुलीने खेळायचं की नाही?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या आरोग्य शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'थायरॉइड आणि स्त्रियांचं आरोग्य' असा विषय छापलाय. मी तो जरा अरुंद करून घेणार आहे. थायरॉइड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच बाई येते. अंग सुटलेली, सुस्तावलेली, सकाळी उपाशीपोटी गोळी घेणारी. ते चित्र थायरॉइड कमी पडण्याचं आहे आणि तो त्रास जास्त जणींना असतो हेही खरं. पण याच ग्रंथीची उलटी तऱ्हा असते. ती गरजेपेक्षा जास्त काम करायला लागते. त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. आणि खेळणाऱ्या, पळणाऱ्या मुलीला हा आजार झाला तर काय करायचं, याबद्दल तर जवळजवळ बोलतच नाही.

हे आत्ता बोलायचं कारण आपल्या गटांत येणाऱ्या मुली बदलल्यात. कुठल्याही तालुक्याच्या मैदानावर पहाटे साडेपाचला जाऊन बघा. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली तिथे पळत असतात. आठशे मीटर, शंभर मीटर आणि चार किलोचा गोळा. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, म्हणून कबड्डी, खो-खो मनापासून खेळणाऱ्या मुलीही आहेत. त्यांच्यासाठी मैदान ही निव्वळ हौस नाही. पगार, स्वतःचं नाव आणि लग्न दोन-चार वर्षं पुढे ढकलायला मिळालेलं एक सबळ कारण, असं सगळं त्या मैदानात आहे. म्हणून अशा मुलीला कुणी 'आता खेळणं बंद' असं म्हणतं तेव्हा नुसता खेळ बंद होत नसतो.

आधी आजार समजून घेऊ. गळ्याच्या पुढच्या बाजूला, फुलपाखरासारखी पसरलेली छोटी ग्रंथी म्हणजे थायरॉइड. ती रक्तात जे हार्मोन सोडते त्यावर शरीराचा वेग ठरतो. हृदय किती जोरात चालायचं, अन्न किती वेगाने जाळायचं, अंगात उष्णता किती निर्माण करायची, हे सगळं. हिच्यावर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा ताबा असतो. ती 'टीएसएच' नावाचा निरोप पाठवते, त्याप्रमाणे थायरॉइड काम करते. ग्रेव्ह्ज या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती बिघडून खोटा निरोप पाठवत राहते, आणि थायरॉइड थांबायचं नावच घेत नाही. रॉबर्ट ग्रेव्ह्ज या आयरिश डॉक्टरांनी १८३५ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. थायरॉइड जास्त चालण्याची इतरही कारणं आहेत, पण हे सर्वांत जास्त आढळणारं. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे कितीतरी पटींनी जास्त दिसतं, आणि ऐन तरुणपणी, कामाच्या वयात दिसतं.

लक्षणं पुस्तकात वाचायला मिळतील. मी ती मैदानावर कशी दिसतात ते सांगते, कारण मला स्वतःला हा आजार आहे आणि मी कबड्डी खेळते. कबड्डीत दम घुमवावा लागतो. एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत समोरच्या अंगणात जायचं आणि दम न तोडता परत यायचं. मी चढाई करणारी. त्या वर्षी माझा दम मध्यरेषा ओलांडली की तुटायला लागला. भूक दुप्पट आणि वजन मात्र उतरत चाललेलं. पकडीसाठी खाली वाकलं की मांड्या थरथरायच्या, आणि उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागायचा. सकाळी अंथरुणात पडल्यापडल्या नाडी मोजली तर ११८. ज्यांनी कधी मोजली नसेल त्यांच्यासाठी सांगते, स्वस्थ पडलेल्या माणसाची नाडी साधारण साठ ते शंभरच्या आत असते. नियमित खेळणारीची तर त्यातही खालच्या बाजूला.

याशिवाय हात पुढे धरले की बोटांना बारीक कंप. उन्हं नसतानाही घाम. दिवसातून तीन-चारदा शौचाला जावं लागणं. झोप नाही, चिडचिड. पाळी कमी जाणं किंवा चुकणं. काहींचा गळा सुजतो, काहींचे डोळे खोबणीतून पुढे आल्यासारखे दिसतात. पण डोळे सगळ्यांचे येत नाहीत, त्यामुळे 'हिचे डोळे तर चांगले आहेत' म्हणून आजार नाही असं धरून चालू नये.

आता या यादीकडे आपल्या वस्तीतल्या, घरातल्या नजरेनं बघा. चिडचिड करते, झोपत नाही, छातीत धडधडतं म्हणते. याला आपल्याकडे काय म्हणतात? टेन्शन. फार विचार करते. नणंदेशी पटत नसेल. वजन उतरलं आणि रात्री घाम येतो म्हटल्यावर क्षयाची तपासणी होते, आणि ती व्हायलाच हवी. पण ती निर्दोष आली की पुढे कुणी शोधत नाही. आणि लग्न न झालेल्या मुलीची पाळी चुकली की घरात पहिला संशय कशाचा येतो, ते मी तुम्हाला सांगायला नको. एका मुलीच्या आईने तिला आधी गर्भाची तपासणी करायला नेलं, ती नाही म्हटल्यावर देवऋष्याकडे नेलं. रक्तात टीएसएच बघायला कुणी सांगेपर्यंत वर्ष गेलं. या मुलीकडे मी पुन्हा येणार आहे.

हे फक्त आपल्या खेड्यापाड्यांत होतं असं समजू नका. अमेरिकेची गेल डेव्हर्स ही धावपटू १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत उपांत्य फेरीतच बाद झाली. देशातल्या सर्वांत वेगवान मुलींपैकी एक, आणि ती दिवसेंदिवस मंद होत गेली. वजन उतरलं, केस गळायला लागले, डोळे बिघडले. जगातली उत्तम वैद्यकीय सोय असलेल्या देशात, जिच्या शरीराचा प्रत्येक सेकंद घड्याळावर मोजला जातो अशा खेळाडूला, ग्रेव्ह्ज झालाय हे कळायला १९९० साल उजाडलं. दोन वर्षं.

तेव्हाचीच दुसरी गोष्ट. ४ मे १९९१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश, म्हणजे थोरले बुश, दुपारी पळत असताना त्यांना धाप लागली. तपासलं तर हृदयाचे ठोके अनियमित पडत होते. काही दिवसांतच कारण सापडलं, ग्रेव्ह्ज. त्यांच्या पत्नीला, बार्बरा बुश यांना, हाच आजार आधीच झालेला होता. आता अध्यक्षांच्या पाठोपाठ डॉक्टर चालत असतात, तेव्हा ही तुलना सरळ नाही हे मलाही कळतं. तरीही मला ती सांगावीशी वाटते. पळताना धाप लागली ही तक्रार एका माणसाने केली तर आठवड्याभरात उत्तर मिळालं, आणि एका कृष्णवर्णीय मुलीला, जिचं कामच पळणं, तिला त्यासाठी दोन वर्षं वाट बघावी लागली. तक्रार कोण करतंय यावर ती किती गंभीरपणे ऐकली जाते हे ठरतं, एवढं तर आपण आपल्या कामात रोज बघतो.

डेव्हर्सची पुढची गोष्ट बहुतेकींना अर्धीच ऐकायला मिळते. किरणोत्सारी आयोडीनचे उपचार झाले. धडधड कमी करणारं एक औषध डॉक्टरांनी सुचवलं होतं, पण ते ऑलिम्पिकच्या निषिद्ध यादीत होतं म्हणून तिने ते नाकारलं. १९९१ च्या सुरुवातीला तिचे पाय इतके सुजले आणि फुटले की चालणं अशक्य झालं, आणि पाय कापावे लागतील की काय इथपर्यंत बोलणं गेलं. उपचारात बदल केल्यावर पाय वाचले. त्याच वर्षी तिने जागतिक स्पर्धेत अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवलं. १ ऑगस्ट १९९२ ला बार्सिलोनात तिने शंभर मीटर १०.८२ सेकंदांत जिंकलं. दुसरी आली १०.८३ मध्ये. काही दिवसांनी अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत ती सर्वांत पुढे होती, पण शेवटच्या अडथळ्याला पाय लागला, ती अडखळत पाचवी आली. १९९६ मध्ये अटलांटाला तिने शंभर मीटरचं सुवर्ण पुन्हा जिंकलं.

ही गोष्ट मला आवडते आणि तिची भीतीही वाटते. आवडते, कारण घरच्यांपुढे ठेवायला हे भक्कम उदाहरण आहे. या आजारातून बाहेर येऊन बाई पूर्वीइतकी, कदाचित जास्तही, पळू शकते. भीती वाटते ती आपल्याच उत्साहाची. 'बघ, ती पळाली, तूही पळ, हिंमत सोडू नकोस' असं आपण सहज म्हणून जातो. थायरॉइड ताब्यात नसताना मुलीला हिंमत देऊन पळायला लावणं धोक्याचं आहे. डेव्हर्स उपचार झाल्यावर जिंकली. आजार अंगात असताना ती हरतच होती.

धोका कशाचा, ते नीट समजून घ्या. हृदय आधीच विश्रांतीतही धावत असतं. त्यावर पळण्याचा भार टाकला की त्याच्या हाती राखीव काही उरत नाही. ठोके अनियमित होऊ शकतात, चक्कर येऊन पडू शकते, फार दिवस दुर्लक्ष झालं तर हृदय कमजोर होतं. स्नायू स्वतःच झिजत असतात, विशेषतः मांड्या आणि खांदे. त्यामुळे जास्त सराव करून ताकद येत नाही, उलट जाते. शरीर आधीच तापलेलं असतं म्हणून उन्हात पळताना उष्माघाताची शक्यता वाढते. आणि हाडं विरळ होतात, आधीच कमी खाणाऱ्या मुलींत तर जास्तच. सराव करताना नडगीचं हाड चिरतं आणि प्रशिक्षक म्हणतो, मुलींची हाडंच नाजूक.

म्हणून डॉक्टर जेव्हा सांगतात की रक्तातलं प्रमाण ताब्यात येईपर्यंत जोराचा सराव आणि स्पर्धा बंद, तेव्हा ते बरोबर सांगत असतात. त्यांच्याशी आपलं भांडण नाही. अडचण असते ती पुढची. डॉक्टर म्हणतात 'सध्या बंद' आणि घरी पोचेपर्यंत त्यातला 'सध्या' गळून पडलेला असतो.

मघाच्या मुलीचं नेमकं हेच झालं. एकोणीस वर्षांची, आठशे मीटरची तयारी करणारी. वेळ सुधारायच्या ऐवजी दर महिन्याला वाढत गेली तेव्हा प्रशिक्षक म्हणाले, आळशी झालीस. गोळा फेकताना हात थरथरायचा. निदान झालं, डॉक्टर म्हणाले काही महिने पळायचं नाही. घरात त्याच आठवड्यात स्थळं बघायला सुरुवात. वडील वाईट माणूस नव्हेत. ते मला म्हणाले, "ताई, डॉक्टरच नको म्हणतात, मग आम्ही काय करायचं? आजारी पोरीला पळवायची का?" या वाक्याला रागावून उत्तर देता येत नाही. त्यांची काळजी खरी होती, फक्त त्यांना शेवट दिसत होता आणि डॉक्टरांच्या मनात मधला टप्पा होता.

आम्ही एवढंच केलं. मुलीला आणि वडिलांना घेऊन पुन्हा त्या डॉक्टरांकडे गेलो आणि विनंती केली की हे कागदावर लिहून द्या. किती आठवड्यांनी रक्त तपासायचं, कुठले आकडे आल्यावर चालायला सुरुवात, कुठले आल्यावर पळायला, हृदयाचा आलेख कधी काढायचा. डॉक्टरांना आधी नवल वाटलं, पण दिलं लिहून. तो कागद घरात भिंतीवर लागला. तोंडी 'बंद' या शब्दाला मुदत नसते. कागदावर तारीख आली की वडीलही तारखेची वाट बघायला लागले. स्थळं बघणं थांबलं नाही, पण जोर कमी झाला. आठ महिन्यांनी ती मैदानावर परत आली. अजून भरती झालेली नाही, गेल्या वेळी लेखीत थोडक्यात गेलं. पळण्यात गेलं नाही.

आता उपचारांबद्दल, कारण कागद मागायचा तर काय मागायचं हे आपल्यालाही माहीत हवं. बहुतेक जणींना आधी कार्बिमाझोलच्या गोळ्या देतात. त्या महाग नाहीत, पण साधारण वर्ष-दीड वर्ष नियमित घ्याव्या लागतात. फरक पडायला काही आठवडे लागतात. रक्तातले आकडे सुधारले तरी मांड्यांची ताकद परत यायला आणखी काही महिने लागतात. मुली इथेच खचतात, की रिपोर्ट नॉर्मल आणि पाय मात्र चालत नाहीत. हे होणारच आहे हे आधी सांगून ठेवलं तर निम्मी निराशा टळते. या गोळ्यांनी क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम कमी होतात. म्हणून गोळी चालू असताना ताप आणि घसा दुखणं आलं तर ते सर्दीवारी घालवू नका. गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं आणि रक्त तपासायचं. हे वाक्य आपल्या प्रत्येक कार्यकर्तीला पाठ हवं.

धडधड आणि कंप कमी करायला प्रोप्रानोलॉलसारखी गोळी देतात. दमा असेल तर ती चालत नाही, हे सांगायला विसरू नये. या गोळीने नाडी दबते, त्यामुळे ती चालू असताना नाडी मोजून किती पळायचं ते ठरवता येत नाही. बोलून बघावं. चालताना किंवा हळू पळताना एक पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर ठीक. मी कबड्डीचा दमच घुमवून बघते. डेव्हर्सच्या वेळची निषिद्ध यादी आता तशी राहिलेली नाही. या जातीच्या गोळ्या आज नेमबाजी, तिरंदाजी अशा ठरावीक खेळांतच निषिद्ध आहेत. पळणं, कबड्डी, खो-खो यांत नाहीत. कार्बिमाझोल तर यादीतच नाही. नेमबाजी करणारी मुलगी असेल तर उपचारांसाठीच्या सुटीचा अर्ज करता येतो. चाचणीत पकडले जाऊ या भीतीने मुली गोळ्या लपवतात किंवा सोडतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

गोळ्यांनी भागलं नाही किंवा आजार उलटला तर किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया हे मार्ग आहेत. गोळ्या थांबवल्यावर साधारण निम्म्या जणींत आजार उलटतो. माझा उलटला. आयोडीननंतर बहुतेकींचं थायरॉइड कमी पडायला लागतं आणि मग आयुष्यभर वेगळी गोळी घ्यावी लागते. ती घेऊन खेळता येतं, डेव्हर्स तशीच खेळली. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना आयोडीन देत नाहीत, आणि नंतरही सहा महिने तरी दिवस जाऊ द्यायचे नसतात. कार्बिमाझोल चालू असताना दिवस राहणार असतील तर डॉक्टरांना आधीच सांगायचं, कारण पहिल्या तिमाहीत औषध बदलावं लागतं. म्हणजे 'आधी लग्न उरकून टाकू, मग बघू उपचारांचं' हा जो घरगुती उपाय आहे, तो या आजारात सर्वांत वाईट.

वजनाबद्दल बोलायलाच हवं. उपचार लागू पडले की उतरलेलं वजन परत येतं. मैत्रिणी म्हणतात, जाड झालीस. काही मुली या एका शब्दापायी गोळ्या सोडतात. आजारात बारीक दिसणं म्हणजे स्नायू आणि हाडं जळणं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. उलट टोकाला, वजन उतरवण्यासाठी थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्याही मुली आहेत, आणि चरबी जाळण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या औषधांत हे हार्मोन मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. म्हणजे ज्या आजारातून आम्ही सुटू बघतो तो विकत घेऊन अंगात घालायचा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेवा. त्यांच्यामुळे काही वेळा तपासणी चुकून जास्त थायरॉइड दाखवते.

परत मैदानावर येताना आधी चालणं, मग ताकदीचे साधे व्यायाम, जिना, खुर्चीवरून हात न टेकता उठणं, मग हळू पळणं, आणि वेगाचं काम सर्वांत शेवटी. सकाळी उठण्याआधी नाडी मोजून वहीत लिहायची. शंभरच्या वर दोन-तीन दिवस राहिली, ठोका चुकल्यासारखा वाटला, छातीत दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्या दिवशी खेळ नाही आणि डॉक्टरांकडे जायचं. आमच्या संध्याकाळच्या संघात आता सगळ्याच जणी महिन्यातून एकदा नाडी मोजतात. दोघींना रक्तक्षय निघाला, एकीला काहीच नाही, ती नुसतीच चहा फार पिते.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. आपल्या भागात मुलींना पळण्याचं प्रशिक्षण देणारे जे कुणी आहेत, शाळेतले क्रीडाशिक्षक असोत की अकादमीवाले, त्यांच्याशी बसून बोला. चांगली पळणारी मुलगी तीन महिन्यांत मंद झाली, बारीक झाली, हात थरथरतोय, तर आळशी म्हणण्याआधी टीएसएचची तपासणी करायला सांगा. दुसरं, तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात ही तपासणी कुठल्या वारी होते, रिपोर्ट किती दिवसांनी मिळतो, कार्बिमाझोल औषधखिडकीवर असतं की बाहेरून आणावं लागतं, याची चौकशी करून पुढच्या बैठकीला या. आपण जिल्हावार एक तक्ता करू. कोऱ्या तक्त्याच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्यात, जाताना घेऊन जा. आणि ज्यांना आत्ता नाडी मोजायला शिकायचंय त्यांनी थांबा, घड्याळात सेकंदकाटा हवा फक्त.